लार्क लेनचं मागचं गेट

विमानात दिल्या जाणाऱ्या जेवणाचे ट्रे जिथे भरले जातात अशा एका मोठ्या किचनमध्ये धम्मशीला खोब्रागडे पहाटेच्या शिफ्टला होती. दुपारी एकला सुटायची, बसनं लंडनमधल्या हाउन्सलोला घरी यायची, अंगाला चिकटलेला मसाल्यांचा वास धुऊन टाकायची आणि तीनला मुलीला आणायला लार्क लेन प्रायमरी शाळेच्या दारात उभी राहायची. इतर आया घोळक्यात बोलत असायच्या. ही जरा बाजूला, कुंपणाला टेकून उभी. इंग्रजी येत होतं, पण बोलायला लागली की समोरचा थोडा पुढे वाकून ऐकतोय असं तिला वाटायचं, आणि मग वाक्य अर्ध्यातच विरून जायचं.

एका सप्टेंबरात शाळेच्या मुख्याध्यापिका, मिसेस प्रिचर्ड, तिच्यापाशी आल्या. म्हणाल्या, "पालकांमधून एक गव्हर्नर निवडायचाय. तुम्ही फॉर्म का भरत नाही?"

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा सुहास चहा पिता पिता ठसकलाच. "गव्हर्नर? म्हणजे राज्यपाल? मग राजभवन कुठं मिळणार आपल्याला?"

"चेष्टा करू नकोस. इथं शाळेचा कारभार पाहणाऱ्या मंडळातल्या माणसांना गव्हर्नर म्हणतात. पालकांचे दोन, शिक्षकांचा एक, कौन्सिलचा म्हणजे इथल्या पालिकेचा एक, बाकी आजूबाजूचे लोक. पगार नाही. बजेट मंजूर करायचं, निकाल बघायचे, मुख्याध्यापिकेला प्रश्न विचारायचे."

"आणि तू प्रश्न विचारणार?"

फॉर्म मात्र तिनं भरला, आणि दुसऱ्या कुणाचाच आला नाही. सुहास म्हणाला, "बिनविरोध! गावाकडं सरपंच व्हायला लोक एकमेकांची डोकी फोडतात."

भंडाऱ्याला तिचे बाबा एका हायस्कूलमध्ये शिपाई होते. शाळेच्या समितीची बैठक असली की ते चहाचा ट्रे घेऊन आत जायचे आणि रिकामा ट्रे घेऊन बाहेर यायचे. अठ्ठावीस वर्षं त्या खोलीत त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं. फोनवर बातमी ऐकून ते म्हणाले, "चांगलं झालं, बाई. फक्त एक कर. कागद समजल्याबिगर सही करू नोको."

बैठक स्टाफरूममध्ये व्हायची. चाळीस-चाळीस पानांचे कागद आठवडाभर आधी यायचे. त्यात दर दोन शब्दांनंतर कसली तरी आद्याक्षरं. बसमध्ये जाता-येता ती ते वाचायची, पेन्सिलीनं खुणा करायची. पहिल्या तिन्ही बैठकांत तिनं "गुड इव्हनिंग" आणि "थँक यू" याखेरीज तोंड उघडलं नाही.

मंडळाचे अध्यक्ष ग्रॅहम म्हणून सत्तरीचे गृहस्थ होते. बसडेपोत इंजिनीअर होते, आता निवृत्त. तिसऱ्या बैठकीनंतर ते तिच्याबरोबर स्टॉपपर्यंत चालत आले. "तुम्ही बोलत नाही," ते म्हणाले, "पण तुमच्या कागदावर माझ्यापेक्षा जास्त खुणा आहेत. दाखवाल का?"

तिनं संकोचत कागद पुढे केले. स्टॉपच्या बाकावर बसून ग्रॅहमनी एकेक खूण पाहिली. एकोणीस प्रश्न निघाले. शेवटी चष्मा काढून ते म्हणाले, "यातले निम्मे मलाही पडलेत. सतरा वर्षं या खुर्चीवर आहे. अध्यक्षाला एवढंही कळत नाही असं लोकांना वाटेल, म्हणून मी कधी विचारले नाहीत."

दोघंही हसले. त्या दिवसापासून तिची भीती थोडी सैल झाली.

पुढच्या शरद ऋतूत शाळेवर संकट आलं. इथं शाळेला सरकारचा पैसा मिळतो तो डोई मोजून. ऑक्टोबरातल्या एका ठरलेल्या दिवशी पटावर जेवढी मुलं, तेवढ्यांवर पुढच्या वर्षाचं बजेट. लार्क लेनमध्ये दरवर्षी सर्वांत लहान वर्गात साठ मुलांना जागा होती. त्या वर्षी चौतीस आली. वर्ग चालवायला शिक्षक तेवढेच, दिवे तेवढेच, पैसा मात्र निम्म्याच्या जरा वर. कौन्सिलनं कळवलं की यापुढे साठऐवजी तीसच मुलं घ्यावीत, दोन वर्गांचा एक करावा. शिवाय खर्च कमी करायचा होता, आणि यादीत पहिलं नाव होतं मॉरीनचं.

मॉरीन म्हणजे जिन्याखालच्या छोट्या खोलीत बसून एकेका मुलाकडून वाचून घेणारी बाई. बावीस वर्षं तेच काम. धम्मशीलाची दिया चार वर्षांची असताना शाळेत आली तेव्हा घरातल्या मराठीपलीकडे तिला काही येत नव्हतं, आणि दोन महिने तिनं शाळेत ओठ उघडले नाहीत. मॉरीननं तिला वाचायला लावलंच नाही. पुस्तकातल्या कुत्र्यावर बोट ठेवून विचारलं, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" दिया पुटपुटली, "कुत्रा." मॉरीन म्हणाली, "कुटरू?" दियानं मान हलवली. "कट्रा?" पुन्हा नाही. महिनाभर ही बाई रोज एक मराठी शब्द चुकवत राहिली आणि चार वर्षांची पोर तिला दुरुस्त करत राहिली. नाताळच्या सुट्टीआधी दियानं तिला इंग्रजी पुस्तकाचं अख्खं पान वाचून दाखवलं.

बैठकीत आधी निकालाचा कागद आला. सहावीच्या मुलांचं वाचन दोन वर्षं घसरत होतं. पुढचाच कागद मॉरीनची जागा रद्द करण्याचा. धम्मशीलानं दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले आणि तिचा हात वर गेला.

"मुलं कमी का झाली?"

"जन्म कमी झालेत," मिसेस प्रिचर्ड म्हणाल्या. "आणि भाडी परवडत नाहीत म्हणून लोक बाहेर चाललेत. सगळ्या लंडनमध्ये तेच आहे."

"हो. पण आपल्याकडची कुठल्या रस्त्यावरची कमी झाली?"

कुणालाच सांगता येईना. ग्रॅहमनी तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "हे कळेपर्यंत निर्णय महिनाभर पुढे ढकलू या. मला वाटतं आपण हे आधीच विचारायला हवं होतं."

ऑफिसनं आकडे काढून दिले. नावं नाहीत, फक्त रस्ते. धम्मशीलानं ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरले. इकडे दोन कमी, तिकडे तीन. पण रेल्वेच्या रुळांपलीकडच्या वसाहतीतून पूर्वी वर्षाला अठरा-वीस मुलं यायची, ती आता चार. आणि रोज उशिरा येणाऱ्या मुलांतही सगळ्यात जास्त तिथलीच.

गुरुवारी तिला सुट्टी होती. ती चालत त्या वसाहतीत गेली. लाँड्रीबाहेर एक बाई बाबागाडीतल्या तीन वर्षांच्या मुलीला खेळवत होती. तिचं नाव श्यामला, मूळची मदुराईची. धम्मशीलानं लार्क लेनचं नाव काढताच ती म्हणाली, "ती शाळा? ती बंद होणार ना?"

"कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? चला, दाखवते."

वसाहतीतून रुळांवरून एक पादचारी पूल जातो आणि शाळेच्या मागच्या अंगाला उतरतो. तिथं गेट होतं. त्याला साखळी, साखळीला गंजलेलं कुलूप, आणि गेटच्या आत गुडघाभर गवत. पुलावरून रोज शेकडो माणसं स्टेशनकडे जात होती आणि रोज तेच बघत होती. ज्यांना शाळा चालू असल्याचं ठाऊक होतं त्यांना मुख्य दाराशी पोचायला हमरस्त्यानं पंचवीस मिनिटांचा वळसा. "बाबागाडी घेऊन पावसात?" श्यामला म्हणाली. "मी मोठ्याला दोन बस बदलून दुसरीकडे नेते. निदान बसायला तरी मिळतं."

धम्मशीलानं कुलपाला हात लावून पाहिला. तळहाताला तांबडा गंज लागला.

पुढच्या बैठकीत तिनं हे सगळं सांगितलं. मध्ये दोनदा शब्द अडले; कुणी घाई केली नाही. ती बोलायची थांबली तेव्हा मिसेस प्रिचर्ड खाली बघत होत्या.

"कोविडमध्ये सगळ्यांनी एकाच दारानं यावं म्हणून ते कुलूप मीच लावलं," त्या म्हणाल्या. "नंतर तिथं उभं राहायला माणूस नव्हता. मग... मी विसरूनच गेले."

सतत ताठ असणारी ती बाई एकदम म्हातारी दिसायला लागली. धम्मशीलाला तिच्याबद्दल वाईट वाटलं. ती म्हणाली, "मुलांना जपायला लावलंत. काढायचं राहून गेलं, एवढंच."

नियम असा की गेट उघडं असेपर्यंत तिथं पार्श्वभूमी तपासलेलं मोठं माणूस हवं. दुपारी मी उभी राहते, असं धम्मशीला म्हणाली. सकाळचं ग्रॅहमनी घेतलं. "डेपोचं पिवळं जाकीट आहे अजून," ते म्हणाले, "बायको टाकून द्यायला सांगते."

पण गेट उघडून बजेट भरत नाही. एक वर्ग कमी करण्याचं कौन्सिलचं म्हणणं टळलं नाही, आणि मॉरीनचा प्रश्न तसाच होता. दोन तास चर्चा झाली. शेवटी जागा रद्द न करता तिचे तास निम्मे करायचे, असं ठरलं. मतदानाला धम्मशीलानं हात वर केला. निम्मे तास उरतात म्हणून केला, पण खाली घेतल्यावर तो हात तिनं मांडीखाली दाबून धरला.

शाळा अधिकृतपणे सांगेपर्यंत गव्हर्नरनं बाहेर बोलायचं नसतं. मधले चार दिवस मॉरीन दुपारी गेटपाशी येऊन हवापाण्याच्या गप्पा मारायची आणि धम्मशीला तिच्या डोळ्याला डोळा न देता गवत बघत राहायची. सुहासला म्हणाली, "तिनं माझ्या पोरीला बोलतं केलं, आणि मी तिच्या पगारावर हात वर केला."

"तू नसतीस तर काय झालं असतं?" त्यानं विचारलं. तिच्या ताटातली भाकरी तशीच राहिली.

सोमवारी मॉरीनला पत्र मिळालं. मंगळवारी ती गेटपाशी आली ती थर्मास घेऊनच.

"तुझाही हात वर होता ना?"

"हो," धम्मशीला म्हणाली.

मॉरीननं थर्मासच्या झाकणात चहा ओतला. "पहिल्या कागदावर माझ्या नावापुढे शून्य होतं, हे मला माहीत आहे. ग्रॅहमच्या पोटात काही राहत नाही. घे, गरम आहे." मग म्हणाली, "वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू. रात्री रडलेही. पण माझे गुडघेही निम्मेच उरलेत. मला काळजी आहे ती मी नसणार त्या उरलेल्या दिवसांच्या मुलांची."

मग धम्मशीलानं त्या उरलेल्या दिवसांचंच मनावर घेतलं. मुलांकडून वाचून घ्याल का, असं तिनं श्यामलाला विचारलं, मग वसाहतीतल्या आणखी दोघींना. इंग्रजी चांगलं नाही, असं तिघीही म्हणाल्या. "माझंही नाही," धम्मशीला म्हणाली. "मुलांना चुका काढायला फार आवडतं." शाळेनं तिघींची रीतसर तपासणी केली, आणि मॉरीननं जिन्याखालच्या खोलीत त्यांना शिकवलं: पुस्तक मुलाच्या हातात द्यायचं, आपल्या नाही, मूल अडलं की मनात पाचपर्यंत मोजायचं, आणि घड्याळाकडे कधीच बघायचं नाही.

मागच्या दारानं येणारी मुलं वेळेवर यायला लागली. जुलैत वाचनाचा निकाल थोडा सुधारला. फार नाही, पण घसरण थांबली. दुसरा वर्ग काही परत आला नाही, आणि वरच्या मजल्यावरची एक खोली रिकामी पडली ती पडलीच. पुढच्या वर्षी मात्र तीस जागांसाठी एकतीस अर्ज आले. त्यांतले तेरा रुळांपलीकडचे होते. एक श्यामलाच्या धाकट्या मुलीचा होता.

सप्टेंबरात नवी मुलं आली त्या दिवशी धम्मशीलानं किचनमधून रजा घेतली होती. पुलाच्या पायऱ्या उतरत एकेक आई येत होती, कुणाच्या कडेवर मूल, कुणाचं बोटाला धरलेलं. नव्या निळ्या स्वेटरांच्या बाह्या बोटांच्याही पुढे लोंबत होत्या. ग्रॅहम पिवळ्या जाकिटात प्रत्येकाला नाव विचारत होते आणि वयानं ऐकू येत नसल्यामुळे प्रत्येकाला दोनदा सांगावं लागत होतं. दिया आईच्या शेजारी उभी होती. सहावीत गेली होती, शाळेतली सगळ्यात मोठी.

"आई," तिनं हळूच विचारलं, "तू रडतोस का?"

"रडतेस म्हण," धम्मशीला म्हणाली, आणि गेट आणखी थोडं मागे ढकलून तिनं पुढच्या बाबागाडीला वाट करून दिली.