भिंतीपलीकडची पत्री

आजोबा वैद्य होते. मल्लेश्वरमातल्या आमच्या घरामागे त्यांनी औषधी झाडं लावली आणि प्रत्येकासमोर संस्कृत नावाची पत्र्याची पाटी ठोकली. आघाडा तिथे अपामार्ग होता, निर्गुडी सिंदुवार, कण्हेर करवीर, रुई अर्क. लहानपणी मला वाटायचं, झाडांनाही शाळेत घालताना वेगळं नाव देतात.

आजोबा गेल्यावर दोन्ही मुलांनी वाटणी केली. परसबाग थोरल्या काकांकडे गेली, आजोबांच्या पोथ्या अप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे. म्हणजे झाडं त्यांना आणि नावं आम्हाला. मध्ये भिंत आली आणि दोघांनी बोलणं टाकलं. कशावरून, ते पुढे दोघांनाही धड सांगता आलं नसतं.

अडचण गणेश चतुर्थीला आली. पूजेत एकवीस झाडांची पत्री वाहायची, तीही एकेकाचं संस्कृत नाव घेऊन. बाजारातली जुडी अप्पांना मान्य नव्हती. तिच्यात काहीही कोंबलेलं असतं म्हणायचे. काकांकडे मागायची तर बोलावं लागणार. मग अप्पांनी गणपती मागच्या पडवीत बसवला आणि भिंतीकडे तोंड करून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "अपामार्गपत्रं समर्पयामि." थोड्या वेळाने भिंतीवरून आघाड्याचं पान आलं.

जमिनीवर पडलेलं पान देवाला चालत नाही, म्हणून मी तबक घेऊन भिंतीखाली उभी राहायचे. मंत्राला बोलणं म्हणत नाहीत, हे दोघांनी न ठरवताच ठरलं होतं. देवदारूच्या नावाला काका खुशाल अशोकाचं पान टाकायचे. अप्पांना ते कळायचं, पण तक्रार करायची तर पुन्हा बोलणं आलं.

अशी पाच वर्षं गेली. सहाव्या वर्षी माझं लग्न ठरलं. थोरल्या दिरांना बोलावल्याशिवाय मांडवात पाय ठेवणार नाही, असं आईने जाहीर केलं. नुसती पत्रिका पाठवून भागणार नव्हतं. थोरल्या भावाला तोंडानेच सांगावं लागतं. अप्पा म्हणाले, बघू. त्यांचं 'बघू' आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. मला दोघांचाही भयंकर राग आला. लग्न माझं, आणि अडून बसले होते दोन म्हातारे.

त्याच उन्हाळ्यात काकांनी घर वाढवलं आणि त्यासाठी अर्जुनाचं झाड पाडलं. अप्पा दिवसभर गच्चीवरून ते बघत उभे होते. जेवायलाही खाली आले नाहीत.

चतुर्थीला पूजा नेहमीसारखी चालली. एकोणीस पानं आली. मग अप्पांनी वाचलं, "अर्जुनपत्रं समर्पयामि." काही आलं नाही. त्यांनी पुन्हा वाचलं. पान नसेल तर अक्षता वाहतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. झाड नाही, हेही. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचा आवाज चिरकला. पलीकडे काकांचं स्टूल सरकल्याचं ऐकू आलं.

"ते झाड नाही आता," भिंतीपलीकडून काका म्हणाले. "अक्षता घाल."

"सरी, अण्णा." कानडीत होकार देऊन अप्पांनी अक्षता वाहिल्या. मग पोथीवरून नजर न काढता, पूजेच्याच सुरात म्हणाले, "पोरीचं लग्न आहे मार्गशीर्षात. तुम्ही पुढे होऊन करायचं."



"येतो," काका म्हणाले. "शेवटचं नाव वाच. ती पोर तबक धरून उभी आहे, हात दुखला असेल तिचा."

अप्पांना पोथीतली ओळ सापडेना. ते अजून शोधतच होते, तोवर रुईचं पान माझ्या तबकात येऊन पडलं होतं.