चकलीचं पीठ

दिवाळीच्या चकल्या करू लागायला शेजारच्या सुलभाकडे गेले, तर तिचा होणारा जावई सोऱ्या धरून बसलेला. सुलभाचा चेहरा उतरला होता. लग्न माघात आहे. लेकीची माहेरची ही शेवटची दिवाळी मायलेकींनी दोघींनीच करायची, असं तिने मनाशी ठरवलं होतं. लेकीने न विचारता त्याला बोलावलं.

मी पीठ मळून दिलं. त्याची चकली पहिल्या वेढ्यातच तुटत होती.

“चकल्या पाड रे, गांडुळं नकोत,” लेक हसली.

“आमच्याकडे फराळ विकतचा असतो,” तो सुलभाला म्हणाला. “काकू, माझं काय चुकतंय?”

“राहू द्या तुम्ही,” सुलभा म्हणाली. तो ओशाळला.

साखरपुडा झालेल्या मुलाचं सणासुदीला अवघडच असतं. पाहुणचार करावा इतका तो परका नसतो आणि रागवावं इतका घरचाही नसतो. त्याला जागा करून द्यायची तर कुणाला तरी सरकावं लागतं, आणि बहुतेक घरांत ते आईलाच जमवावं लागतं.

सुलभाने एक तुटका वेढा उचलून बोटांत चुरला. आता ती सोऱ्या काढून घेणार, असं मला वाटलं. पण ती त्याच्या शेजारी मांडी घालून बसली.

“तुझं नाही रे चुकत. पीठच घट्ट झालंय. पाण्याचा हात लाव थोडा.”

पीठ उत्तम होतं. मी पाण्याची वाटी त्याच्यापुढे सरकवली.