एकशे एकेचाळिसावं नाव

"मध्येच विचारायचं नाही. पहिल्यापासून सांगतो," असं म्हणून आमच्या लालबागच्या चाळीतले काका डोळे मिटायचे. मग विचारणाऱ्याची संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहाचे. रोज आमच्या भागातली पोरं पकडली जायची. कोण कुठल्या तुरुंगात आहे याची यादी घरच्यांसाठी कागदावर ठेवावी तर ती पोलिसांच्या हाती लागणार, म्हणून काकांनी ती डोक्यात ठेवली. नाव, चाळ, तुरुंग. नाव, चाळ, तुरुंग. रे रोडच्या वखारीत ओंडके मोजण्यात जन्म गेलेला, त्यामुळे पाठांतर पक्कं. पण मधलंच एखादं नाव विचारलं की गाडी अडली. कुणी शिंकलं तरी पुन्हा, "पहिला, सखाराम..."

"काका, सखाराम सुटला. तो काय, नळावर आंघोळ करतोय!"

"करू दे. त्याला काढला तर मागचे सगळे घसरतील."

नावं शंभरावर गेली तसं त्यांच्या डोक्यात दुसरं काही मावेना. काकूंनी कोथिंबीर सांगितली की हे गृहस्थ साबण आणायचे. मी शहाणपणा करून चाळवार गट पाडून दिले. काकांनी जुनी ओळ तशीच ठेवून माझे गटही पाठ केले! मग साबणही येईना.

पुढे मी संगणकाच्या धंद्यात पडलो. तिथे एक भाषा भेटली. तिच्यात एकदा मांडलेलं बदलत नाहीत. बदल हवा तर नवी यादी करायची. पण प्रोग्रामचा एखादा भाग जुन्या यादीचं पहिलं टोक धरून बसला की ती यादी पुसलीच जात नाही, मेमरी भरत जाते आणि काम ठप्प. तरुण मंडळी दिवसचे दिवस दोष शोधायची. मी म्हणायचो, "अरे, सखारामला कुणी धरून ठेवलाय ते बघा." ती माझ्याकडेच बघत राहायची.

त्या सत्याग्रहाच्या दिवसांतच एकदा गोळीबार झाला, आणि समोरच्या खोलीतल्या शेवंतामावशीचा मुलगा गणपत घरी आला नाही. इस्पितळात नाही, चौकीवर नाही. मावशीने दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. ती काकांपुढे येऊन बसली. "माझो झील आसा काय त्यात?"

काकांनी एकशे चाळीस नावं सांगितली. गणपत नव्हता.

"परत सांगा," मावशी म्हणाली.

त्यांनी परत सांगितली. शेवटी जरा थांबले, डोळे उघडले आणि म्हणाले, "एकशे एकेचाळीस. गणपत, आपलीच चाळ, ठाणे."

मावशी उठून आपल्या खोलीत गेली. मी भडकलोच. "ही थाप कशाला मारलीत? उद्या प्रेत आलं तर?"

"आलं तर तेव्हा," काका म्हणाले.

चौथ्या दिवशी गणपत हजर! पळापळीत घाबरून शीवला आत्याकडे लपला होता, आणि तिथे बोंबील खाऊन चांगला गुबगुबीत झाला होता. मावशीने केरसुणी उचलली आणि त्याला काकांसमोर उभा केला. "तुरुंग फोडून इलो हा मेलो! हेका ठाण्याक परत धाडा!" चाळ पोट धरून हसली. काका मात्र गंभीर. नाव त्यांनी काढलं नाही ते नाहीच. तुरुंगाचं दारही न पाहिलेला गणपत त्यांच्या यादीत शेवटपर्यंत ठाण्यातच राहिला.

काकांच्या तेराव्याला मावशी पंगतीत वाढत होती. मी गमतीने म्हटलं, "मावशी, आता तुमचा गणपत सुटला म्हणायचा!"

ती हसली नाही. माझ्या पानावर भात वाढता वाढता म्हणाली, "अरे, ते खोटा बोलले ता माका तेव्हाच कळला. पण त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरलो."