फिडलची पट्टी वाकवताना

मोठा भाऊ पडला तेव्हा त्याच्या हातात फिडल होतं. आमचं गाव धुळ्याच्या अलीकडे. तिथल्या घराच्या ओट्यावर संध्याकाळी तो वाजवायला बसायचा. दिवाळीच्या तोंडावर एकदा वाजवता वाजवता पाणी प्यायला उठला, डावा पाय वळला आणि खाली आला तो थेट फिडलवरच. लकव्याचा झटका होता. वहिनीने आरडाओरडा करून माणसं जमवली, धुळ्याच्या दवाखान्यात नेलं, जीव वाचला. डावा हात आणि डावा पाय मात्र लुळा पडला. फिडलची एका बाजूची पातळ पट्टी, जी गोल वळून जाते ना, तिचा चुरा होऊन ती आत गेली होती.

मी जळगावहून धावत गेलो. व्यायाम शिकवायला एक डॉक्टरीणबाई घरी येत होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की पायाचं होईल, पण बोटांचं अवघड आहे. आत्ता पहिले काही महिने बोटं हलवली तर हलवली, नाहीतर ती तशीच आखडून बसतील. त्यांनी दाबायला एक मऊ रबरी चेंडू दिला होता. भावाने तो पलंगाखाली फेकून दिला होता. चाळीशीपासून भजनी मंडळात फिडल वाजवणारा, शाळेत पोरांना कविता चालीवर शिकवणारा माणूस तो. त्याच्या हातात चेंडू द्यायचा म्हणजे काय! जीभ जराशी जड झाली होती, तरी मला म्हणाला, "माले मनं फिडल दे. बोटं मी हालावस."

त्याचं खरं होतं. फिडलवर सूर धरायची बोटं डाव्या हाताचीच असतात. वहिनीच्या डोळ्यांत एकदम आशा आली. "दुरुस्त करून आणता का हो कुठून?" ती म्हणाली. आणि मी, कुणी विचारायच्या आत, छाती पुढे काढून बोलून बसलो, "कुठून कशाला? मीच करतो."

का बोललो? माझं जळगावला मोटारी आणि पाईप-फिटिंगचं दुकान. मागच्या खोलीत माझी खुडबुड चालते. घड्याळं उघडायची, पंखे दुरुस्त करायचे, मोबाईलवर कुठला तरी गोरा माणूस लाकडाची होडी बनवतो ते पाहत बसायचं. घरात याला कुणी किंमत देत नाही, आणि देण्यासारखं काही आहे असंही नाही. पण भावाने माझं सगळं केलं. शिक्षण त्याने, दुकानाची जागा त्याने, लग्नसुद्धा त्यानेच जमवलं. त्याने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आता मागितलं, तर ते दुसऱ्या कुणाच्या हातून जाऊ द्यायचं? छे! ही माझी पाळी होती.

फिडल घेऊन मी जळगावला परतलो आणि मिरजेला वाद्यं बनवणाऱ्या एका माणसाला फोन केला. तो भला माणूस म्हणाला, "पाठवून द्या, पंधरवड्यात करून देतो." मी म्हणालो, "नको, नुसत्या लाकडाच्या पट्ट्या पाठवा." त्याने पाठवल्या, कुरियरने आठवड्यात आल्याही. कागदासारख्या पातळ, पिवळसर, सुंदर. अशी पट्टी ओली करायची आणि तापलेल्या नळीवर हळूहळू दाबायची. लाकूड नरम पडतं आणि नळीच्या गोलाईवर वळतं. बस, एवढंच. नळी माझ्याकडे होती. लोखंडी पाईपचा तुकडा ठोकून मी अंड्यासारखा लांबट केला. आता प्रश्न एकच उरला, तो तापवायचा कशावर?

या एका प्रश्नात मी जो अडकलो, तो अडकलोच.

मोबाईलवर सगळे सांगत होते, गॅसची टॉर्च मागून लावा आणि ज्योत बारीक ठेवा. प्लंबर लोकं वापरतात ती टॉर्च माझ्याच दुकानात टांगलेली होती. पण मला ते फारच साधं वाटलं. लोकांनी केलं तेच मी करायचं? मला हवी होती एकसारखी, मोजूनमापून उष्णता. बटण फिरवलं की कमी, फिरवलं की जास्त. आधी आत मोठा हॅलोजन बल्ब घालून पाहिला. खोली उजळली, नळी कोमट झाली. मग पाणी तापवायचा रॉड नळीत घातला. तो पाण्याबाहेर चालू करायचा नसतो हे गिऱ्हाइकांना मीच रोज बजावून सांगतो! फटकन आवाज आला आणि अख्ख्या घराची वीज गेली. बायको कणीक भिजवत होती, ती पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. "घर पेटवायचंय का?" ती म्हणाली. मी उलटा तिच्यावरच ओरडलो की मला एकाग्र होऊन काम करू देत नाही. रॉड मी जाळला आणि ओरडा तिने खाल्ला.

मग शेगडीचं कॉइल आणलं, त्याला पंख्याचा रेग्युलेटर जोडला. रेग्युलेटर वितळला. मग मोठा रेग्युलेटर मागवला. मग तापमान दाखवणारं यंत्र मागवलं. ते यायला वेळ लागला आणि आलं ते चुकीचं आलं. या सगळ्यात, खरं सांगतो, मी मजेत होतो. हे लिहिताना माझी मान खाली जाते, पण मी मजेत होतो. सकाळी उठलो की आज काय करून पाहू असं व्हायचं. कित्येक वर्षांत इतकं छान वाटलं नव्हतं. लाकडाच्या पट्ट्या कपाटात पडून होत्या आणि त्यातली एकही मी अजून भिजवली नव्हती.

वहिनीचा फोन यायचा. सुरुवातीला ती दिलखुलास विचारायची, मग जपून विचारायला लागली. "कितपत आलं हो काम? ते विचारतात." मी सांगायचो, लाकूड मुरायला ठेवलंय. लाकूड काय लोणचं आहे मुरायला? पण तिला काय माहीत, ती "बरं बरं" म्हणायची. एकदा म्हणाली, "बोटं जरा वळत चालली आहेत आतल्या बाजूला. बाई म्हणतात, लवकर काहीतरी पाहा." माझ्या हातात त्या वेळी जळालेला रेग्युलेटर होता. माझं टाळकं सटकलं. "अशी कामं घाई करून होतात का वहिनी? बिघडलं तर मला नावं ठेवाल!" ती मग म्हणाली, "नाही हो, तुमच्या सोयीने करा." माझ्यापेक्षा वयाने मोठी, आईच्या जागची बाई, आणि ती माझी मनधरणी करत होती. मी फोन ठेवला आणि परत स्क्रू ड्रायव्हर उचलला.

मग थंडी सरत आली आणि भरताचे शेवटचे दिवस उरले. जामनेर रस्त्याला एका मित्राच्या शेतात पार्टी ठरली. आमच्याकडे भरीत गॅसवर कुणी करत नाही. कपाशीच्या वाळक्या पळाट्या पेटवायच्या आणि त्यात वांगी टाकायची, तरच ती आतपर्यंत भाजतात आणि धुराचा वास लागतो. आदल्या दिवशी तयारीला गेलो, तिथे पळाट्यांचा ढीग पाहिला आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. अरे, वीज कशाला हवी? आपला खान्देशी जाळ पडलाय की समोर! वांग्यासारखं कठीण फळ जर असं लोण्यासारखं होतं, तर लाकूड काय चीज आहे? दुसऱ्या दिवशी, म्हणजे पार्टीच्या दिवशी, मी नळी, पक्कड, पाण्याची बादली आणि मिरजेच्या पट्ट्या घेऊन शेतात हजर झालो. सगळ्या घेऊन. एक-दोन घरी ठेवाव्यात एवढंही सुचलं नाही.

पळाट्यांचा जाळ कसा असतो हे माझ्यासारख्या इथे जन्मलेल्या माणसाला सांगायला नको. भडकतो तेव्हा डोंगराएवढा, आणि वळून पाहावं तर राख. वांग्याला तेच लागतं. माझी नळी आधी लालबुंद झाली. पहिली पट्टी टेकवली, चर्र झालं आणि ती काळी पडून मोडली. दुसरी मोडली. तिसरीला वाटलं आता जमलं, तोवर नळी थंड, आणि पट्टी ताडकन तुटली. मंडळी वांगी फिरवत होती, हसत होती. "अरे भो, तेल लावजो जरा!" "मिरची-लसूण टाक, मंग वाकी!" मीही हसलो. माझ्यासारखा माणूस अशा वेळी हसतोच, दुसरं काय करणार. एक सोडून सगळ्या पट्ट्या मी त्या जाळात घातल्या. मग हात धुतले आणि पुऱ्यांबरोबर भरीत खाल्लं. चांगलं झालं होतं, दोनदा घेतलं.

घरी परतताना गाडीत मला पहिल्यांदा भीती वाटली. बायको बाजूला बसली होती. म्हणाली, "भाऊजींची बोटं आता कशी आहेत, विचारलं का तुम्ही?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी आठवून पाहिलं. फोनवर मी दर वेळी फिडलबद्दल बोलत होतो. बोटांचं मी एकदाही आपणहून विचारलं नव्हतं. इतकी शरम वाटली की काच खाली करून तोंड बाहेर काढून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातली टॉर्च खिळ्यावरून काढली. नळी व्हाइसच्या जबड्यात पकडली, आत लोखंडाचा एक गट्टू सरकवला म्हणजे ज्योत थेट लागणार नाही, आणि मागून बारीक ज्योत सोडली. थोड्या वेळाने पाण्याचा थेंब टाकला, तो नळीवर नाचला. उरलेली एकच पट्टी भिजवून टेकवली आणि श्वास रोखून दाबत राहिलो. लाकूड हळूच सैल पडलं आणि वळलं. जेवायच्या आत झालं. सरस लावून, तारा चढवून फिडल उभं राहायला पुढचे थोडे दिवस गेले, पण जे काम मी एवढे महिने करत होतो ते एका सकाळचं होतं.

फिडल घेऊन गावी गेलो तेव्हा उन्हं तापायला लागली होती. भाऊ ओट्यावर खुर्चीत बसला होता, पाय बराच सुधारला होता. मला पाहून चेहरा कसा खुलला त्याचा! वहिनीने फिडलची पेटी उघडली. त्याने उजव्या हाताने फिडल मांडीवर घेतलं, नव्या पट्टीवरून अंगठा फिरवला, दोनदा फिरवला. मग वहिनीने फिडल त्याच्या गळ्याशी धरलं आणि त्याचा डावा हात उचलून फिडलच्या मानेवर, तारांखाली ठेवला. बोटं आत वळलेली होती, मूठ उघडतच नव्हती. वहिनीने एकेक बोट सरळ करून तारेवर टेकवलं. सोडलं की ते परत आत जायचं. तिने परत करून पाहिलं. मग तिने हात हळूच खाली आणला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चहा टाकते."

भावाने उजव्या हातात गज घेतला आणि नुसत्याच मोकळ्या तारा वाजवल्या. एकेक करून चारही. सूर स्वच्छ होता. शेजारची म्हातारी भिंतीवरून डोकावून पाहायला लागली. मला वाटत होतं, त्याने मला शिव्या द्याव्यात, माझ्या थोबाडीत द्यावी. लहानपणी द्यायचा तशी.

तो म्हणाला, "झकास करं रे भो तू. मिरजवाला बी असं करता नही."

हेच तर ऐकायला मी एवढा खटाटोप केला होता. ऐकलं, आणि जमिनीत गाडून घ्यावं असं वाटलं.

"कशी वाकाडी पट्टी?" त्याने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. नवीन काही कळलं की त्याचा चेहरा अजून शाळेतल्या पोरासारखा होतो. "कसावर तपाडी?"

"गॅसवर," मी म्हणालो.

"बस? नुसता गॅसवर?" तो हसला. "मंग इतला येळ काब्रं लागना?"

एवढा वेळ का लागला, इतकंच विचारलं त्याने. त्यात राग नव्हता, काही नव्हतं. आत चहाच्या भांड्याचा आवाज थांबला. वहिनी ऐकत होती हे मला कळलं.

"लाकूडच मिळत नव्हतं, भाऊ," मी म्हणालो.

"हां," तो म्हणाला, "आते चांगलं लाकूड भेटत नही." आणि मांडीवरून घसरलेला डावा हात त्याने उजव्या हाताने उचलून जागेवर ठेवला.