प्रमुख गैरहजर असताना

विधी विभागात मी अनुवादक होतो तेव्हाची गोष्ट. राज्याच्या रक्षक दलात वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी कुणी काय करायचं, हे ठरवणारं विधेयक मी मराठीत आणलं होतं. मसुदा तपासायला दलाचे निवृत्त उपप्रमुख कदम आले. ओळींवरून सावकाश फिरणारं त्यांचं बोट सातव्या कलमावर थांबलं आणि तिथंच राहिलं.

‘प्रमुख गैरहजर असल्यास त्यांचे सर्व अधिकार उपप्रमुख वापरू शकेल.’

“काही चुकलंय का, साहेब?” मी विचारलं.

“पुराच्या वेळी हे कलम नव्हतं,” ते म्हणाले. “प्रमुख परगावी, फोन बंद. होड्या काढायचा हुकूम फक्त त्यांचा. मी दोन तास वाट पाहिली, मग स्वतःच्या सहीनं काढल्या. चौकशीतून सुटलो. पण नदीकाठच्या पहिल्या घरापाशी पोचलो, तेव्हा छतावर कुणी उरलं नव्हतं.”

कायद्यातली वाक्यं टेबलाशी बसून सुचतात, असं मला वाटायचं. हे एक पाण्याकाठी सुचलं होतं.

“‘शकेल’ नको,” ते म्हणाले. “‘शकेल’ म्हटलं की माणूस विचार करत बसतो. ‘वापरील’ लिहा.”

मी मूळ इंग्रजी मसुदा काढून पाहिला. तिथं स्पष्ट सक्ती होती. वाक्य कानाला बरं वाटावं म्हणून ते मीच सैल केलं होतं. त्यांच्यासमोर तसं कबूल केलं आणि ‘वापरू शकेल’ खोडून ‘वापरील’ लिहिलं.