चिमटीत आलेली कातडी

गेल्या मंगळवारी नागपूरच्या दवाखान्यातल्या बाकावर आम्ही तिघेच बसलो होतो: मी, माझी बायको आणि खाप्याहून आलेली एक अनोळखी बाई. मेंदूखालच्या गाठीमुळे बायकोचे हात आणि नाक जाड झाले होते, कातडी तेलकट आणि घट्ट. ऑपरेशनला ती तयार नव्हती.

बाईने तिच्याकडे निरखून पाहिले आणि आपला रुंद पंजा पुढे केला.

“चिमटा घे वं.”

बायको संकोचली.

“घे नं! मी का तुही नणंद आहो, घाबरून राहिली ते?”

बायकोने हसत चिमटा घेतला. कातडी सहज चिमटीत आली.

“मलेही हेच होतं. ऑपरेशनच्या आधी येतच नव्हती. नाक मोठंच राहिलं, खोटं काहून सांगू? पण हात माझा मले परत भेटला.”

जे बरे झाले नाही तेही तिने सांगितले, म्हणून माझा विश्वास बसला. बायको तिचा हात सोडीना.

“अहो, पैसे भरून या,” ती मला म्हणाली.

ऑपरेशनचे आगाऊ तीस हजार मी काउंटरवरच्या मुलीकडे भरले.