जावयाने पाना धरायचा नाही

शहापूरला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, म्हसा गावाजवळ सासुरवाडी. सासऱ्यांच्या अंगणातल्या शेडचा लोखंडी सांगाडा मीच बनवला, उभा माझ्या माणसांनी केला. पण त्याआधी, गंज शिरू नये म्हणून सासऱ्यांनी दोन पट्ट्या जिथे जुळतात तिथेच स्वतःच्या हाताने रंगाचे जाड थर चोपडले. मालकाचे सासरे, माणसं काय बोलणार?

कळल्यावर मी कपाळावर हात मारला. बोल्ट कितीही आवळा, मधला रंग दाबाखाली हळूहळू चेपत जातो. नट जागचा हलत नाही आणि बोल्टाची पकड मात्र उतरते. म्हटलं, थोड्या दिवसांनी सगळे नट पुन्हा आवळू. पण जावयाने सासुरवाडीत हत्यार धरायचं नाही, असा त्या घरचा कायदा. मी पाना काढला की चहा यायचा, चहा संपला की वडे. सासूबाईंनी तर एकदा पाना भाताच्या कणगीत दडवला. माणसं पाठवली, तर त्यांनाही पाहुणे म्हणून जेवू घालून परत धाडलं! सासऱ्यांनी नटांवरून खालच्या पट्टीपर्यंत चुन्याच्या रेघा ओढून ठेवल्या होत्या. रेघ हलली नाय म्हणजे नट ढिला नाय, हे त्यांचं शास्त्र.

मेव्हणीच्या हळदीच्या तोंडावर वारा सुटला आणि शेड करकरायला लागली. सासऱ्यांनी भावकीसमोर निकाल दिला: काम मुळातच ढिलं, हळद भाड्याच्या मांडवात करायची. माझ्याच शेडला पाठ करून मांडव! आता सबंध तालुक्यात मला काम कोण देणार? डोकं असं फिरलं की मी पाना घेऊन शिडीवर पाय ठेवला. सासऱ्यांनी तो हातातून काढून घेतला आणि मला खुर्चीत बसवलं.

तेवढ्यात बायकोने पदर खोचला.

"बाबा, मी कुठं जावई हाय? द्या इकडं."

ती वर चढली. मी खुर्चीतूनच सांगत होतो, अजून, आणखी थोडा. एकेक नट फिरला, चुन्याची रेघ सरकत गेली. करकर थांबली. मला तर नाचावंसं वाटत होतं, पण जावयाने नाचायचंही नसतं.

हळद शेडखालीच झाली. सासरे येईल त्याला वर बोट दाखवून सांगत होते, "जावयानं नुसती बनवली. मजबूत केली ती आमच्या पोरीनं."